मे महिन्यात कुत्र्यावर पोतं

आमच्या शेलूबाजारात कुत्रा थरथरताना दिसला की दोनच निदानं होतात. हिवाळा असेल तर 'थंडी वाजते बिचाऱ्याला', आणि हिवाळा नसेल तर 'पिसाळलाय, दूर व्हा'. पहिल्या निदानानंतर कुणीतरी पोतं आणून अंगावर टाकतो, दुसऱ्यानंतर कुणीतरी दगड उचलतो. पोतं आणि दगड यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे, आणि आमच्या भागातले बहुतेक कुत्रे त्या मधल्या जागेतच आजारी पडतात.

कुत्र्यावर लेख, आणि तोही आपल्यापैकी कुणी लिहिलेला, याचं काही वाचकांना नवल वाटेल. तर आधी तेच सांगून टाकतो. आमचं घर शेतीचं. शेत राखायला कुत्रा लागतो. रोही आणि रानडुकरं रात्रीतून हरभरा झोपवतात. शेती, गुरं आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवायला शरीअतने मुभा दिलेली आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की हनफी मताप्रमाणे नापाक आहे ती कुत्र्याची लाळ. त्याच्या कोरड्या अंगाला हात लागला म्हणून कपडे किंवा वुजू जात नाही. अब्बांनी हा मसला घरात फारच सोपा ठेवला होता. शेतातले कपडे वेगळे, नमाजचे वेगळे, कुत्र्याचं भांडं वेगळं. बस्स. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही हदीस आपण मुलांना हमखास सांगतो. पण तोच कुत्रा नळाजवळ कापत पडलेला असला की बाजूने निघून जातो. असो. मला मसल्यावर नाही, थरथरीवर लिहायचं आहे.

मराठीला थरथरीचे प्रकार चांगले माहीत आहेत. थंडीने माणूस कुडकुडतो, तापात त्याला हुडहुडी भरते, भीतीने तो लटलट कापतो, अशक्तपणाने पाय लटपटतात, आणि मिरगीत आचके येतात. माणसाच्या बाबतीत आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सगळ्याला एकच शब्द, 'कापतंय'.

आमच्याकडे भुऱ्या नावाचा कुत्रा होता. साधारण चार महिन्यांचं पिल्लू असताना त्याच्या नाकाडोळ्यांतून चिकट पू यायला लागला, खोकला झाला, खाणं सुटलं. आठवडाभरात तो सावरला. सगळ्यांना वाटलं, सुटला. आणि तीन आठवड्यांनी त्याचा उजवा मागचा पाय आपोआप उडायला लागला. घड्याळाच्या काट्यासारखा, एका लयीत, टक्-टक्-टक्. जागेपणी उडायचा, जेवताना उडायचा, गाढ झोपेतही उडायचा. मंगरूळपीरहून आलेल्या पशुवैद्यकांनी पिल्लाकडे पाहिलं आणि अंगाला हातही न लावता म्हणाले, "डिस्टेंपर. जगला तर असाच राहील."

तो जगला. नऊ वर्षं जगला आणि पाय नऊ वर्षं उडत राहिला. या नऊ वर्षांत त्याला किती लोकांनी पांघरूण घातलं याचा हिशेब नाही. खालाजान यायच्या तेव्हा हळद घातलेलं गरम दूध द्यायच्या. एका मे महिन्यात, पारा ४४ला टेकलेला असताना, सालगड्याने त्याच्यावर ज्यूटचं पोतं टाकलेलं मी स्वतः पाहिलंय. भुऱ्या बिचारा पोत्याखाली धापा टाकत होता आणि पाय आपला उडतच होता. सालगडी मनाचा वाईट नव्हता. त्याने कापणं पाहिलं, ऊन पाहिलं नाही.

डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आहे, गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. आँरी कारे या फ्रेंच पशुवैद्यकाने १९०५ साली तो विषाणूमुळे होतो हे दाखवलं. आधी नाक, फुप्फुस आणि पोट, मग मेंदू आणि मज्जारज्जू, असा त्याचा प्रवास असतो, म्हणून मधे 'बरा झाला' असं वाटण्याचे दिवस येतात. त्यावर औषध नाही, पण लस आहे, आणि ती दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला सुरू करून ठराविक अंतराने पुन्हा द्यायची असते. गावातल्या कुत्र्याला कोण लस देतो, असं विचारणाऱ्यांना मी गीरची गोष्ट सांगतो. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या एका भागात २३ सिंह मेले आणि त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. आमच्याकडे सिंह नाहीत, पण काटेपूर्णा अभयारण्य इथून लांब नाही, आणि गावचा कुत्रा नि रानातला कोल्हा एकाच नाल्यावर पाणी पितात.

आता खऱ्या थंडीकडे येतो, कारण ती असतेच. डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. जागलीवर गेलेल्या कुणालाही विचारा. कुडकुडणं म्हणजे शरीराने केलेली मजुरी असते. स्नायू भराभर आवळून-सोडून शरीर स्वतःची उष्णता तयार करतं. त्यामुळे थंडीची थरथर सगळ्या अंगाला असते, कुत्रा गोळा होऊन बसतो, शेपूट पोटाखाली घेतो, आणि ऊब मिळाली किंवा चार पावलं धावला की ती थांबते. भिजलेला, म्हातारा, हडकुळा कुत्रा आधी कुडकुडतो. याला पोतंच द्यायचं, पण अंगावर टाकण्याआधी खाली घालायचं. आपण वरून झाकतो आणि खालून फरशी त्याला गारठवत राहते. कोरडं पोतं खाली, जमलं तर एखादी फळी त्याच्याही खाली, आणि आधी अंग पुसून काढायचं.

इथे एक उलटी गोष्ट आहे, जी मला फार उशिरा एका पशुवैद्यकाकडून कळली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना कुडकुडता येतच नाही. पहिले काही दिवस त्यांच्या शरीरात ती सोयच तयार झालेली नसते. आईच्या पोटाला चिकटून राहणं एवढाच त्यांचा हीटर. त्यामुळे थंडीत 'पिल्लं शांत झोपलीत' असं दिसलं की हात लावून पाहावा. गार लागली तर ती झोपलेली नसतात, विझत असतात. मोठ्या कुत्र्याचंही तसंच. कडाक्याच्या थंडीत पावसात भिजून पडलेला कुत्रा कापायचा थांबला आणि तरीही सुस्त आणि गारच असला, तर तो सुधारलेला नाही, त्याची ताकद संपलेली आहे. अशाला शेकोटीजवळ ओढू नये. बाटल्यांत कोमट पाणी भरून, त्या फडक्यात गुंडाळून काखेशी आणि पोटाशी ठेवाव्यात आणि लगेच दवाखाना गाठावा. गार पडलेल्या पिल्लाला दूधही आधी पाजू नये. आधी ऊब, मग पोट.

तापाची हुडहुडी ओळखायला हात पुरत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्याला तो ताप वाटतो, त्याच्यासाठी ते रोजचं आहे. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावावा लागतो, आणि कुत्रा घरचा, शांत असेल तरच तो लावावा. १०४च्या वर गेला तर घरी थांबण्यात अर्थ नाही. आमच्याकडे पावसाळ्यात गोचिडांमुळे होणारा ताप बराच दिसतो. कुत्रा कापतो, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात. अशा वेळी घरातली तापाची गोळी देण्याचा मोह सगळ्यांना होतो. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या गोळ्या कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड खराब करू शकतात. अम्मी म्हणायची, "अपनी दवा अपने पेट की," आणि ते बरोबर होतं.

भीतीवर फार लिहीत नाही, कारण ती ओळखायला सोपी आहे. दिवाळीत, वरातीतल्या डीजेला, आणि मृगातल्या पहिल्या कडकडाटाला कुत्रे लटलट कापतात, खाटेखाली शिरतात. आवाज संपला की अर्ध्या-एक तासात थांबतात. त्यांना ओढून बाहेर काढू नये, एवढंच.

आता त्या कुत्रीविषयी, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. आमच्या चौफुलीवर नागपूर-औरंगाबादचा जुना रस्ता आणि अकोला-मंगरूळपीरचा रस्ता एकमेकांना छेदतात. समृद्धी झाल्यापासून लांबची गर्दी तिकडे गेली, तरी हॉटेलं आहेत, बाजार आहे, म्हणून कुत्रेही आहेत. एका हॉटेलच्या मागे राखेच्या ढिगाजवळ एक कुत्री सात पिल्लं घेऊन राहत होती. पिल्लं वीस-बावीस दिवसांची. मार्चची सकाळ, थंडी नाही. मी चहाला थांबलो तर मागे गलका. कुत्री ताठ पायांनी चालत होती, लाकडी घोड्यासारखी. सगळं अंग थरथरत होतं, तोंड उघडं, धाप लागलेली, नजर कुठेच नाही. पडली, उठली, पुन्हा पडली.

"पिसायली वाट्टे," एक काका म्हणाले. "पोरायले चावीन. हाना तिले."

दोघांनी फळ्या उचलल्याच होत्या. मी त्यांना वेडं म्हणणार नाही. रेबीज खरा आहे, त्याची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्यातही कुत्रा लटपटतो, लाळ गाळतो, खालचा जबडा लोंबतो. नुसतं पाहून तो नाही असं छातीठोक सांगणारा माणूस एकतर डॉक्टर असावा लागतो किंवा मूर्ख. म्हणून मीही तिला हात लावला नाही. एवढंच म्हणालो की लांब उभे राहू, पोरांना आत घेऊ, आणि पशुधन पर्यवेक्षकांना फोन करू. मारायला अर्ध्या तासानंतरही फळी हातात असेलच. फोनवर मी तिचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी तिकडून एकच प्रश्न विचारला: "पिल्लं किती दिवसांची?"

ते आले, तोंडाला फडक्याची पट्टी बांधली, दोघांकडून धरून घेतली, आणि शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी हळूहळू, मधे मधे छातीला नळी लावून ठोके ऐकत. कारण हेच औषध घाईने दिलं तर हृदय बंद पडतं. बाटली संपायच्या आत तिची थरथर उतरली. वीस मिनिटांत ती उठून बसली आणि पिल्लांकडे पाहायला लागली. फळीवाले काका तिथेच होते. ते म्हणाले, "आरे, हा त गायीचा दुधाचा रोग!"

अगदी बरोबर. व्यालेली गाय आडवी पडली की आमच्याकडचा कुठलाही शेतकरी कॅल्शियमची बाटली आणायला धावतो. सात तोंडं दूध ओढत असलेल्या, हॉटेलच्या उष्ट्यावर जगणाऱ्या कुत्रीच्या रक्तातलंही कॅल्शियम तसंच संपतं. फक्त गाय त्यात लुळी पडते आणि कुत्रीचे स्नायू ताठरून थरथरायला लागतात. विल्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत हे जास्त होतं. तासाभरात मदत मिळाली तर कुत्री वाचते, नाहीतर आचके येऊन मरते. त्या दिवशी पिल्लांना तिच्यापासून दूर ठेवून वरचं दूध पाजावं लागलं. ते काम हॉटेलवाल्या भाभींनी केलं, कुरकुर करत, पण केलं.

दुसरी गोष्ट इतकी चांगली संपली नाही. ऑगस्टमधली. सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि उंटअळी आली की आमच्या सगळ्या शिवारात पंप घरघरायला लागतात. शेजारच्या शेतातला राखणीचा कुत्रा दुपारी धुऱ्यावर पडला. अंगावरचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसे उडत होते, लाळेची तार लागलेली, हगवण झालेली. अब्बांनी वाकून डोळे पाहिले. भर सावलीत बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. अब्बा म्हणाले, "जहर है." फवारणीचे रबरी हातमोजे घालून त्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला कपड्याच्या साबणाने दोनदा धुतलं, कारण औषध अंगावरूनही आत जातं, आणि ऑटोत घातलं. पण तो सकाळपासून पडलेला होता, कुणी पाहिला नव्हता. दवाखान्यात अॅट्रोपिनची इंजेक्शनं दिली, लाळ थांबली, ठिपके मोठे झाले, श्वास मात्र परतला नाही.

फवारणीच्या बऱ्याच औषधांचा गुण असा की मज्जातंतूने स्नायूला दिलेला 'हल' हा हुकूम पुसणारं शरीरातलं रसायन ते निकामी करतात. हुकूम पुसलाच जात नाही, म्हणून स्नायू हलतच राहतो, अगदी श्वासाचे स्नायू थकून बंद पडेपर्यंत. कुत्र्यात आणि माणसात यात काही फरक नाही. २०१७च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, त्यांच्यापैकीही अनेकांची सुरुवात घाम, अंधुक नजर आणि थरथर अशीच असणार. फोरेट, ज्याला आपण थिमेट म्हणतो, त्यावर २०२०च्या अखेरपासून देशात बंदी आहे; तरी जुन्या कोठीत एखादा डबा निघतोच, आणि डुकरांसाठी पिठात कालवला की आधी कुत्रा मरतो. दुसरा प्रकार घरातच घडतो. गोचिडांसाठी म्हणून गुरांचं औषध पाण्यात न मिसळता थेट कुत्र्याला चोपडतात. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा औषधांनी तो कापायला लागतो आणि मालक म्हणतो, आंघोळ घातल्यामुळे थंडी भरली.

विषाचा संशय असेल तर मीठपाणी, तेल, ताक, दूध असलं काहीही घशात ओतू नये. कापणाऱ्या कुत्र्याला नीट गिळता येत नाही, ते फुप्फुसात जातं. तोंडात हात घालू नये. औषधाचा डबा किंवा निदान त्यावरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत न्यावा, कारण उतारा नावावरून ठरतो. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करावा: दवाखान्यात पोचेपर्यंत थरथर अनेकदा थांबलेली असते आणि मग डॉक्टरांना आपण हातवारे करून दाखवत बसतो. व्हिडिओत कुत्र्याला नावाने हाक मारावी. तो वळून पाहतो का, हे डॉक्टरांना थरथरीइतकंच महत्त्वाचं असतं. शुद्ध हरपून पाय मारत असेल तर ते आचके आहेत, कापणं नाही. आणि झोपेत पाय हलवून हळूच कुईकुई करत असेल तर कुणालाही फोन करू नये, तो स्वप्नात सशामागे धावतोय.

१९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा. आधी गावचा दवाखाना; तिथे नाही जमलं तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था तास-दीड तासावर आहे. अनोळखी कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर मात्र कुत्र्याचं नंतर. आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी लस.

त्या ऑगस्टनंतर शेजाऱ्यांनी पंप धुतलेलं पाणी धुऱ्यावर ओतणं बंद केलं; आता बांधाच्या कडेला खड्डा खणून त्यात ओततात आणि वर माती लोटतात. आमच्याकडे भुऱ्यानंतर आलेला कुत्रा फवारणीचे तीन-चार दिवस घरी बांधलेला असतो. त्याला ते अजिबात पसंत नाही. रात्रभर शेताच्या दिशेने तोंड करून रडतो, आणि फजरला निघालेली माणसं अब्बांना विचारतात, इसको आज फिर क्या हुआ.